जुन्या पिकअप गाडीचे विजेचे सुटे भाग : खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

आपल्या स्मरणिकेत व्यापाराची परिस्थिती, कर, हिशेब आणि समाजकार्य या विषयांवर दरवर्षी लेख येतात. त्यांच्या पंक्तीला मोटारगाडीच्या सुट्या भागांवरील लेख बसविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही सभासद बंधु-भगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, साखळी, डिचोली व पेडणे या भागांतील जुन्या पेढ्यांचा उत्कर्ष ज्या वाहनांनी पाहिला, त्यांपैकी काही पिकअप गाड्या अद्याप आपल्या अंगणात उभ्या आहेत. त्या विकून टाकाव्यात असे कोणाच्या मनात येत नाही, आणि चालू ठेवाव्यात तर भाग मिळत नाहीत. त्यातही इंजिनाचा व चाकांचा कारागीर गावात भेटतो. परंतु विजेच्या भागांपाशी येताच मालक, मिस्त्री आणि दुकानदार हे तिघेही अंदाजाने चालू लागतात. अंदाजाने केलेली खरेदी व्यापारात जशी अंगाशी येते, तशीच येथेही येते. ती आमच्या अंगाशी कशी आली, हे प्रथम सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या पेढीची पिकअप ही जीपच्या बांध्याची अमेरिकन गाडी. ती १९६१ पूर्वी मुरगाव बंदरात उतरलेली. आषाढ महिन्यात तिचा कट-आऊट, म्हणजे डायनॅमोच्या विजेचे नियमन करणारी पेटी, बिघडली. आम्ही एका दुकानात माणूस पाठविला. त्याने "जीपचा कट-आऊट द्या" असे सांगितले आणि दुकानदाराने जीपचा कट-आऊट दिला. पेटी नवी होती, स्क्रूची भोके जुळली, गाडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी धाकटे बंधू आणि चालक बेळगावहून कापडाचे गठ्ठे घेऊन चोर्ला घाटाने परत येत होते. अंधार पडला, पाऊस लागला. दिवे हळूहळू पिवळे पडू लागले, पुढे ते निखाऱ्यासारखे झाले, आणि केरीच्या वरच्या अंगाला एका वळणावर इंजिन बंद पडले. मागचा तांबडा दिवाही विझला. मागून येणारी प्रवासी बस गाडीपासून दोन हातांवर थांबली, म्हणूनच आज हा लेख लिहिता येतो आहे.

नंतर तपास केला तेव्हा कळले की, नवा कट-आऊट निकामी नव्हता. तो आमच्या डायनॅमोच्या पद्धतीचा नव्हता. बॅटरीत साठलेल्या विजेवर गाडी तीन दिवस चालली आणि वीज संपताच थांबली. डॅशबोर्डावरील अँमीटरचा काटा फार दिवसांपासून हलत नव्हता. त्याकडे आमच्यापैकी कोणीही लक्ष दिले नव्हते. दुकानदाराने फसविले असे मी म्हणत नाही. आम्ही नाव सांगून माल मागितला आणि त्याने त्या नावाचा माल दिला. धान्याच्या बाजारात नुसते "तांदूळ द्या" म्हणणारा गिऱ्हाईक जसा, तसे आम्ही ठरलो. प्रस्तुत लेखाचे सार एवढेच आहे : जुन्या गाडीचा विजेचा भाग गाडीच्या नावाने मागू नये, त्या भागावरील अक्षरे व आकडे वाचून, त्या आकड्यांनी मागावा.

गाड्या अनेक वळणांच्या का?

असा घोटाळा आपल्याकडे विशेष का होतो, यास इतिहास कारण आहे. भारतात १९५० नंतर सरकारी धोरण असे ठरले की, ज्या कंपन्या येथे भाग तयार करण्यास सिद्ध नाहीत, त्यांनी नुसती जोडणी करीत राहू नये. परिणामी जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धात भारतातील कारखाने बंद केले. गोव्यात मात्र पोर्तुगीज राजवट होती. १९५५ पासून भारत सरकारने सीमेवर आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा येथील व्यापार भारताकडून वळून सागरी मार्गाने परदेशांशी अधिक होऊ लागला. खनिजाचा व्यवसाय त्याच काळात वाढत होता. त्यामुळे अमेरिकन, इंग्लिश व जर्मन बनावटीची वाहने येथे थेट येत राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय कारखान्यांच्या गाड्या आल्या. महिंद्राची जीप मूळ अमेरिकन विलीजच्या परवान्याची होती. टाटांचा ट्रक १९५४ पासून जर्मन मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने निघत होता.

विजेच्या भागांचीही अशीच तीन घराणी आहेत. अमेरिकन गाड्यांत बहुधा ऑटो-लाइट किंवा डेल्को-रेमी, इंग्लिश गाड्यांत लुकास, आणि जर्मन गाड्यांत बॉश. आपल्या देशात बॉशच्या सहकार्याने मायको ही कंपनी १९५१ साली बंगळूर येथे आणि लुकासच्या सहकार्याने लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ साली मद्रास येथे निघाली. पुढे देशात बनलेल्या गाड्यांतून लुकास-टीव्हीएसचे भाग सर्रास बसू लागले. म्हणजे एकाच "जीप" या नावाखाली एक गाडी अमेरिकन भागांची आणि दुसरी इंग्लिश वळणाच्या भागांची असू शकते. शिवाय साठ वर्षांत प्रत्येक मिस्त्रीने हाती लागेल तो भाग बसविलेला असतो. नावावर विश्वास ठेवता येत नाही तो यासाठी.

प्रथम निदान, मग खरेदी

पुष्कळ वेळा जो भाग आपण विकत आणतो, तो बिघडलेलाच नसतो. मोटारगाडीत बॅटरीकडून दिव्याकडे वीज तारेने जाते, परंतु परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. या जोडणीस मिस्त्री लोक "अर्थ" म्हणतात. आपल्याकडील पावसात आणि खाणपट्ट्यातील तांबड्या धुळीत हे अर्थचे सांधे गंजतात. गंजलेल्या सांध्यातून वीज नीट वाहत नाही. मग दिवे मंद होतात, सेल्फ कण्हत फिरतो, आणि मालक नवी बॅटरी, नवा स्टार्टर, नवा डायनॅमो असा खर्च करीत बसतो.

याचे गणित पाहण्यासारखे आहे. स्टार्टर फिरताना सुमारे २०० अँपिअर वीज घेतो असे धरू. वाटेतील सांध्यात एक शतांश ओहम एवढा अल्प अवरोध असला, तरी तेथे २ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या गाडीत हा सहावा हिस्सा झाला. सहा व्होल्टच्या गाडीत तो तिसरा हिस्सा होतो. व्यवहारात एवढी घट आपण कोणीही सहन करणार नाही. म्हणून बॅटरीपासून सांगाड्यापर्यंतचा आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंतचा पट्टा सोडवून, दोन्ही टोके कानसपट्टीने चकचकीत घासून, घट्ट आवळून पाहिल्यावाचून कोणताही मोठा भाग विकत घेऊ नये.

पेढीत एक साधा व्होल्टमीटर ठेवावा. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना आकडा १४ च्या आसपास चढला, तर डायनॅमो व कट-आऊट आपले काम करीत आहेत असे समजावे. आकडा १२ च्या घरातच राहून उतरू लागला, तर भरणी होत नाही. १५ च्या वर गेला, तर भरणी अती होऊन बॅटरीचे पाणी आटेल आणि बल्ब जळतील. आमच्या पिकअपवर हा दोन मिनिटांचा प्रयोग कोणी केला असता, तर घाटातील प्रसंग आलाच नसता.

पाच नोंदी

निदान होऊन भाग बदलणे अवश्य ठरले, म्हणजे खालील पाच गोष्टी वहीत लिहून मगच बाजारात जावे.

पहिली नोंद व्होल्टची. जुन्या गाड्या काही सहा व्होल्टच्या, काही बारा व्होल्टच्या आहेत. बॅटरीची झाकणे मोजल्यास खूण पटते : तीन झाकणे असल्यास सहा व्होल्ट, सहा असल्यास बारा. तथापि पूर्वी कोणी सहाची गाडी बारावर नेलेली असू शकते आणि हॉर्न किंवा काचेचा वायपर जुनाच राहिलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक भागावरचा आकडा निराळा पाहावा.

दुसरी नोंद अर्थची. अमेरिकन जीपमध्ये बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. इंग्लिश गाड्यांत मात्र साधारणतः १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत धन टोक जोडण्याची रीत होती. साधा बल्ब अथवा हॉर्न दोहोंवर चालतो. परंतु रेडिओ, आल्टरनेटर किंवा आधुनिक इलेक्ट्रॉनिक भाग उलट अर्थवर जोडल्यास क्षणात जळतो.

तिसरी नोंद भागावर कोरलेल्या क्रमांकाची. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर यांच्या अंगावर निर्मात्याचे नाव, जात आणि क्रमांक ठोकलेला असतो. लुकासच्या भागांवर पुष्कळदा निर्मितीचा महिना व सालही आढळते. घासलेटात भिजविलेल्या फडक्याने पुसल्यास तो क्रमांक उमटतो. तो जसाच्या तसा लिहावा. एक अक्षरही गाळू नये, कारण शेवटच्या अक्षरातच फरक असतो.

चौथी नोंद क्षमतेची : डायनॅमोचे अँपिअर, बल्बचे वॅट, फ्यूजचे अँपिअर.

पाचवी नोंद बसवणुकीची : भोकांतील अंतर, दांड्याची जाडी, फिरण्याची दिशा, दातांची संख्या, टोकांचा क्रम. शक्य असेल तेथे जुना भागच पिशवीत घालून न्यावा. आणि नवा भाग चालू होऊन महिना झाल्याखेरीज जुना भाग भंगारात देऊ नये.

एकेका भागाविषयी

*डायनॅमो व कट-आऊट.* आमची चूक येथेच झाली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डायनॅमोत एक चुंबकीय गुंडाळी असते. तीत किती वीज सोडावी हे कट-आऊट ठरवितो. लुकासच्या पद्धतीत या गुंडाळीचे एक टोक डायनॅमोच्या आतच अर्थ झालेले असते आणि दुसऱ्या टोकाला कट-आऊट वीज पुरवितो. ऑटो-लाइट व डेल्को-रेमीच्या बहुतेक डायनॅमोंत याच्या उलट आहे : गुंडाळीचे एक टोक आतच विजेच्या टोकाला बांधलेले असते आणि कट-आऊट दुसरे टोक अर्थ करतो. आता अमेरिकन डायनॅमोला लुकास पद्धतीचा कट-आऊट जोडला, तर गुंडाळीच्या दोन्ही टोकांना एकच वीज मिळते. टोकांत फरक नाही म्हणून प्रवाह नाही. प्रवाह नाही म्हणून चुंबकत्व नाही. आणि चुंबकत्व नाही म्हणून भरणी नाही. बाहेरून सर्व जोडण्या बरोबर दिसतात. सबब कट-आऊट व डायनॅमो हे जोडपे मानावे आणि एकाचा क्रमांक पाहिल्याशिवाय दुसरा घेऊ नये. डायनॅमो बदलल्यावर किंवा दीर्घकाळ पडून असलेला बसविल्यावर त्याच्या चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळवून घ्यावी लागते. ही क्रियाही दोन्ही पद्धतींत निराळी आहे. ती माहितगाराकडूनच करवावी.

डायनॅमो संपूर्ण बदलण्याचे कारण क्वचितच पडते. बहुधा कार्बन ब्रश झिजलेले, बेअरिंग सैल झालेले किंवा तांब्याचा कम्युटेटर काळवंडलेला असतो. आर्मेचर जळले असल्यास ते पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर शहरांतून अद्याप आहेत. मूळचे चांगले लोखंडी अंग टाकून हलका नवा डायनॅमो घेण्यापेक्षा हे काम बहुधा स्वस्त पडते आणि टिकतेही.

*स्टार्टर.* येथे दोन गोष्टी पाहाव्यात : फिरण्याची दिशा आणि बेंडिक्सच्या दातांची संख्या. एक दात अधिक-उणा असला तरी फ्लायव्हीलचे दात खाल्ले जातात आणि लहानशा खरेदीतून मोठा खर्च उभा राहतो.

*कॉइल, पॉइंट व कंडेन्सर.* बारा व्होल्टच्या कॉइली दोन प्रकारच्या येतात. एकीचा अवरोध सुमारे ३ ओहम असतो व ती थेट जोडली जाते. दुसरीचा सुमारे दीड ओहम असतो व तिच्या वाटेत निराळी अवरोधक तार असावी लागते. दुसऱ्या प्रकारची कॉइल थेट जोडल्यास ती तापते आणि पॉइंट जळतात. गिऱ्हाईक मात्र पॉइंटच्या कंपनीस दोष देतो. पॉइंटमधील फटही घराण्याप्रमाणे वेगळी : लुकासच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्यूटरात साधारणतः इंचाचे १४ ते १६ हजारांश, विलीज जीपच्या ऑटो-लाइटमध्ये २० हजारांश. कंडेन्सरच्या बाबतीत जुना न वापरलेला साठा घेण्याचा मोह टाळावा. डबीवरचे नाव थोर असले, तरी पन्नास वर्षांच्या दमट हवेने आतील कागद निरुपयोगी झालेला असू शकतो.

*दिवे.* बल्ब घेताना व्होल्ट, वॅट आणि बूड या तिन्ही गोष्टी जुळाव्यात. मागच्या दिव्यातील दोन तारांच्या बल्बला दोन कान असतात आणि ते मुद्दाम कमी-जास्त उंचीवर ठेवलेले असतात. बल्ब उलटा बसू नये, अशी ती योजना आहे. कान घासून तो बळेच बसविला, तर ब्रेकचा दिवा सदैव मंद आणि मागचा दिवा सदैव प्रखर अशी फसवी स्थिती होते.

पुढच्या दिव्यांत अधिक उजेडाच्या हौसेने शंभर वॅटचे बल्ब घालण्याची प्रथा बोकाळली आहे. येथेही हिशेब मांडावा. ४५ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात; शंभराचे दोन जवळजवळ सतरा अँपिअर घेतात. लुकासच्या सी-४०-१ या नेहमीच्या डायनॅमोची संपूर्ण क्षमताच २२ अँपिअर आहे. त्यातून इंजिनाची ठिणगी, वायपर आणि मागचे दिवे चालवायचे असतात. घाटात गाडी मंद चालते तेव्हा तर डायनॅमो पूर्ण क्षमतेने वीज देतच नाही. जमा बावीस आणि खर्च त्याहून अधिक, असा ताळेबंद कोणती पेढी चालू देईल? शिवाय जुनी तार व जुने बटण तापून आग लागण्याचे भय असते. हॅलोजनच घालावयाचे तर ६०/५५ वॅटचे, निराळी जाड तार आणि रिले यांसह घालावेत. बहुतेक गाड्यांत त्याहून स्वस्त उपाय पुरतो : परावर्तकाची चकाकी पाहावी, अर्थ स्वच्छ करावा, आणि बल्बच्या होल्डरपाशी पूर्ण व्होल्ट पोहोचतात की नाही हे मोजावे.

*तारा व फ्यूज.* जुन्या गाडीतील रबरी तारांवरील कापडाचे वेष्टण कुजलेले असते. नव्या तारा घालताना रंगांचा नियम पाळावा, कारण पुढच्या मिस्त्रीला तीच भाषा वाचता येते. परंतु येथेही घराण्यांत भेद आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. इंग्लिश पद्धतीत तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, फ्यूज नसलेली जिवंत तार. अर्थची तार काळी. जर्मन पद्धतीत तपकिरी तार म्हणजेच अर्थ. टाटा-मर्सिडीजवर हात बसलेल्या कारागिराने इंग्लिश गाडीतील तपकिरी तार अर्थ समजून सांगाड्याला बांधली, तर बॅटरीची सारी शक्ती त्या तारेतून धावेल आणि ती पेट घेईल. जर्मन गाड्यांत टोकांवर आकडे असतात : ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतरची वीज, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर. हे चार आकडे मालकाने स्वतः लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

फ्यूजच्या आकड्यातही मेख आहे. जुन्या इंग्लिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असते. तो वितळण्याचा आकडा होय. असा फ्यूज सतत सुमारे १७ अँपिअरच वाहावा अशी अपेक्षा असते. अमेरिकन फ्यूजवर मात्र सतत वाहण्याचा आकडा असतो. इंग्लिश गाडीत अमेरिकन रीतीचा ३५ चा फ्यूज घातल्यास संरक्षण निम्म्यावर येते. आणि फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार गुंडाळणे म्हणजे पेढीच्या तिजोरीचे कुलूप काढून तेथे सुतळी बांधण्यासारखे आहे.

माल कोठे व कसा घ्यावा

प्रथम जवळच्या म्हापसा, पणजी, मडगाव व बेळगाव येथील जुन्या दुकानांत नोंद दाखवावी. न मिळाल्यास मोठ्या बाजारांकडे वळावे. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड व चोर बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत पुदुपेट आणि बंगळूरला जे. सी. रोड ही या मालाची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. हल्ली फोनवर छायाचित्र पाठवून चौकशी करता येते. तेव्हा छायाचित्र कोरलेल्या क्रमांकाचे आणि जोडणीच्या टोकांचे पाठवावे. गाडीचे पाठवू नये.

बाजारात चार प्रकारचा माल आढळतो. जुना परंतु न वापरलेला, नव्याने बनविलेला, दुरुस्त करून विकलेला, आणि भंगारातून काढलेला. चारही प्रकार आपापल्या जागी ग्राह्य आहेत, परंतु विकणाऱ्याने प्रकार स्पष्ट सांगितला पाहिजे व घेणाऱ्याने तो बिलावर लिहून घेतला पाहिजे. लोखंड, तांबे, पितळ यांचा जुना माल बहुधा उत्तम असतो. रबर, कागद व बॅटरी यांचा जुना माल घेऊच नये. बॅटरीवर निर्मितीचा महिना पाहावा आणि ती भरून, मोजून, हमीपत्रासह घ्यावी. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल येतो, हे आपण व्यापारी असल्याने जाणतोच. छपाईतील अस्पष्टता, वजनातील हलकेपणा, अंगावर क्रमांकाचा अभाव आणि किमतीतील अवास्तव सूट या त्याच्या खुणा आहेत.

येथे एक गोष्ट नमूद करणे उचित वाटते. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि अस्सलाच्या जागी नकली माल देणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, या दोहोंची गणना आहे. भंगाराच्या बाजारात बिलावाचून, नाव न सांगणाऱ्या माणसाकडून जेव्हा एखादा दुर्मीळ स्टार्टर निम्म्या किमतीत मिळतो, तेव्हा पहिल्या अतिचाराचे स्मरण ठेवावे. आणि आपल्यापैकी जे बंधू स्वतः सुट्या भागांचे दुकान चालवितात, त्यांनी दुसऱ्याचे. नकली कापडाने अंग उघडे पडेल. नकली फ्यूजने गाडी जळेल आणि तीत माणूस असेल.

मूळ रूप की नवी सोय?

डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवावा काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गाडी रोज मालासाठी फिरत असेल तर तो सोयीचा आहे, कारण मंद वेगातही तो भरणी करतो. मात्र अर्थची दिशा, अँमीटरची क्षमता आणि बॅटरीकडे जाणाऱ्या तारेची जाडी तपासून मगच बसवावा. गाडी वारसा म्हणून जपावयाची असल्यास मूळ भागांचे मोल अधिक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी उपयोगात नसलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी "व्हिंटेज" नोंदणीची तरतूद केली. अशा गाडीच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. आणि ती नित्याच्या किंवा व्यापारी वाहतुकीसाठी रस्त्यावर नेता येत नाही. गाडी कोणत्या मार्गाने न्यावयाची हे आधी घरात ठरवावे, म्हणजे खरेदीही त्याप्रमाणे होते. कोणताही बदल केला तरी काढलेले मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत.

गाडीची खातेवही

शेवटी एक सूचना करतो. आपण प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते ठेवतो. तसे गाडीचेही ठेवावे. एका वहीत प्रत्येक विजेच्या भागाचे घराणे, क्रमांक, व्होल्ट, खरेदीची तारीख, दुकान व किंमत लिहावी. तारांचा एक साधा नकाशा रंगांसह काढून तिलाच चिकटवावा. मृग नक्षत्रापूर्वी दरवर्षी अर्थचे सांधे घासून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी, बॅटरीची टोके स्वच्छ करावीत, भरणीचा आकडा मोजून वहीत टिपावा. गाडीत फ्यूज, प्रत्येक जातीचा एक बल्ब, पॉइंट, कंडेन्सर, चार हात तार आणि एक स्वतंत्र विजेरी एवढे सदैव असावे. मागचे दिवे विझल्यास रस्त्यावर ठेवण्यासाठी परावर्तक त्रिकोण असावा. हे काम घरातील मुलामुलींकडे सोपवावे. खात्याची शिस्तही त्यांना लागेल आणि आजोबांच्या गाडीची ओळखही होईल.

आमची पिकअप अद्याप चालते. तिचा डायनॅमो मूळचाच आहे. कट-आऊट मात्र तिसरा, आणि यावेळी तो क्रमांक वाचून घेतलेला. अँमीटरही दुरुस्त केला. घाटातून परतलेला तो चुकीचा कट-आऊट आम्ही टाकला नाही. तो पेढीत गादीमागच्या फळीवर ठेवला आहे. माल मागावयास निघालेल्या प्रत्येक नव्या नोकराला तो दाखवितो आणि एवढेच सांगतो की, नाव सांगू नकोस, आकडा वाच.